धुतलेला पडदा

जी वस्तू केवळ शोभेसाठी आणली जाते, तिच्याकडे धोक्याच्या दृष्टीने पाहण्याची सवय आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही. विजेची तार उघडी पडली, गॅसची नळी जीर्ण झाली किंवा जिन्यात सामानाचा ढीग साचला, तर निदान एखादा जाणता गृहस्थ तरी त्याबद्दल तक्रार करतो. परंतु उपाहारगृहाच्या छताखाली झुलणारी झालर, मंगल कार्यालयाच्या व्यासपीठामागची मखमल, कचेरीच्या स्वागतकक्षात भिंतभर लावलेली बांबूची चटई, यांच्याकडे पाहून कोणाच्याही मनाला शंका शिवत नाही. माझ्या नोकरीधंद्याचा उत्तरकाळ मात्र याच शंकेच्या सोबतीने गेला. मुंबईतील हॉटेले, सभागृहे, नाट्यगृहे आणि कचेऱ्या यांतील पडद्यांवर व शोभेच्या कापडावर ज्वालारोधक क्षारांची प्रक्रिया करणे हा माझा व्यवसाय. आणि या व्यवसायात मला जे वारंवार दिसले, परंतु दाखल्याच्या कागदावर जे कधीच उमटत नाही, ते येथे सांगावयाचे आहे.

मी मूळचा गिरणीतला. लोअर परळच्या एका कापड गिरणीच्या रंगखात्यात कापडावर शेवटचा संस्कार करण्याचे, म्हणजे धुऊन रंगवलेले कापड खळीच्या किंवा रसायनाच्या हौदातून काढून, रुळांच्या दाबाखाली पिळून, स्टेंटरवर ताणून वाळवण्याचे काम मी शिकलो. त्या काळच्या गिरणीत आगीविषयी जी दक्षता होती ती कोणी फलकावर लिहून शिकवलेली नव्हती. दरवाजावर झडती होई आणि विडीकाडी बाहेर ठेवल्यावाचून कोणालाही आत पाऊल टाकता येत नसे, मग तो बदली कामगार असो की खात्याचा जॉबर. छताखालून पाण्याच्या फवाऱ्यांचे नळ गेलेले असत आणि त्यांना पाणी पुरवणारी टाकी उंच मनोऱ्यावर चढवलेली असे. कापूस मोकळा करण्याच्या खात्यात हवेत तरंगणारे तंतू ज्याने एकदा पाहिले, आणि यंत्रात अडकलेल्या लोखंडाच्या तुकड्याने उडालेली एक ठिणगी किती वेगाने पसरते हे ज्याने ऐकले, त्याला या शिस्तीचा जाच वाटण्याचे कारणच नव्हते. कापूस ही जळणारी वस्तू आहे, हे ज्ञान तेथे प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेले होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाचे काय झाले, हे मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. यंत्रे भंगारात गेली, भोंगे थांबले, आणि यथावकाश त्याच आवारांत कचेऱ्या, दुकाने व उपाहारगृहे उभी राहिली. कापसाच्या गाठी गेल्या. परंतु कापड मात्र निराळ्या रूपाने परत आले, आणि ज्या दक्षतेच्या पहाऱ्यात ते पूर्वी नांदत असे ती दक्षता त्याच्याबरोबर परतली नाही. २९ डिसेंबर २०१७ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, लोअर परळच्या कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि तीत १४ माणसे मरण पावली. हुक्क्यासाठी फुलवलेल्या निखाऱ्यांच्या ठिणग्या उडून शोभेच्या पडद्यांनी पेट घेतला, असा निष्कर्ष अग्निशमन दलाच्या चौकशीतून निघाला. जीव वाचवण्यासाठी स्वच्छतागृहाच्या आश्रयाला गेलेली माणसे तेथेच धुराने गुदमरली. ज्या परिसरात एके काळी खिशातल्या काडेपेटीचीसुद्धा झडती होत असे, त्या परिसरात निखारे आणि लोंबते कापड एकमेकांच्या इतके निकट यावेत, ही गोष्ट माझ्यासारख्या गिरणीत वाढलेल्या माणसाला त्या दिवसापासून आजतागायत स्वस्थ बसू देत नाही.

लोंबते कापड म्हणजे काय, याची कल्पना सामान्यतः नसते. कापडाची घडी सहसा लवकर पेटत नाही. तीच घडी उलगडून उभी टांगली की तिच्या दोन्ही अंगांना हवा लागते, आणि खालच्या कडेला लागलेली ज्योत वरचे कापड आधी तापवीत आणि मग गिळीत चढत जाते. हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. सुती कापडाला जळत राहण्यासाठी सुमारे १८ टक्के पुरतात. लोकरीला सुमारे २५ टक्के लागतात, आणि म्हणून लोकरीचे कापड साध्या हवेत सहसा धुमसून विझते. आमच्या साऱ्या विद्येचा हेतू, सुताला त्याच्या स्वभावापासून ढळवून लोकरीच्या पंक्तीला नेऊन बसवणे, एवढाच आहे.

ही विद्या नवी नाही. फ्रान्सचा राजा अठरावा लुई याच्या सूचनेवरून गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाने नाट्यगृहांतील कापड आगीपासून वाचवण्याचा अभ्यास केला आणि अमोनियमचे फॉस्फेट, नवसागर व टाकणखार यांच्या मिश्रणांनी ते साधते, असे १८२१ साली दाखवून दिले. त्यामागचे तत्त्व आज नीट उलगडले आहे. कापूस स्वतः जळत नाही. तापल्यावर त्यातून जी ज्वलनशील वाफ निघते ती जळते. फॉस्फेट व सल्फेट यांपासून उष्णतेने जे आम्ल सुटते ते कापसातील पाणी काढून घेऊन त्याचा कोळसा करते, त्यामुळे ती वाफ निर्माण होण्याचे प्रमाण घटते. टाकणखार वितळून तंतूंवर काचेसारखा थर धरतो. आणि ज्योत विझल्यानंतरही आत जे धुमसणे चालू राहते ते बोरिक आम्ल थांबवते. भारतीय मानकांत मंडपांच्या कापडासाठी जी कृती सुचवलेली आहे तीही याच घराण्यातली: अमोनियम सल्फेट ४ भाग, अमोनियम कार्बोनेट २, टाकणखार १, बोरिक आम्ल १, तुरटी २ आणि पाणी ३५. ही रसायने दुर्मिळ नाहीत आणि महागही नाहीत. हौदात ती कालवताना अमोनियाचा असा काही दर्प उठतो की नवख्या कारागिराला डोळे उघडे ठेवता येत नाहीत. परंतु कापड त्यात पुरते बुडाले, सावकाश पिळले गेले आणि सावलीत वाळले, की त्याच कापडाच्या पट्टीला लावलेली ज्योत दूर करताच ती पट्टी काळी पडते, पण जळत नाही. हे दृश्य मी असंख्य वेळा पाहिले असेल. तरी दर वेळी त्यात मला समाधान वाटत आले आहे.

तथापि प्रत्येक वस्तू ही प्रक्रिया स्वीकारत नाही, आणि आमच्या व्यवसायातील निम्म्या तक्रारी याच ठिकाणी उद्भवतात. पॉलिएस्टरच्या तंतूंत हे क्षार मुरतच नाहीत. ते वरच्या वर राहतात आणि हात फिरवताच पांढऱ्या भुकटीच्या रूपाने झडून जातात. निव्वळ पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसून मागे सरते व वितळून गळते. परंतु तेच सुताबरोबर विणलेले असले की सुताचा न वितळणारा सांगाडा वितळलेल्या पॉलिएस्टरला धरून ठेवतो, आणि दोहोंचे मिश्रण एकेकट्यापेक्षा अधिक भयंकर जळते. अशा कापडासाठी तंतू घडवतानाच ज्यात फॉस्फरसयुक्त संयुग गुंफलेले आहे असे पॉलिएस्टर निवडणे, हाच खरा मार्ग होय. थर्माकोलवर तर कोणतीही फवारणी करणे व्यर्थ. ते उष्णतेने आधी लोळागोळा होते आणि मग दाट काळा धूर सोडीत जळते. बैठकींच्या गाद्यांतील फोमच्या धुरात हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू असतो. एका सजावटकाराने छताखाली थर्माकोलची कमळे आणि त्यांना जोडून मिश्र कापडाच्या लांबच लांब झालरी बसवल्या होत्या. “साहेब, वरून एक हात मारा आणि कागद द्या, उद्या उद्घाटन आहे,” अशी त्याची विनवणी होती. मनुष्य कष्टाळू होता, त्याची रचनाही सुरेख होती. परंतु जो पदार्थ औषध घेतच नाही त्याला औषध दिल्याचा दाखला मी कसा द्यावा? झालरी आणि कमळे दोन्ही उतरवावी लागतील, असे मी सांगितले. त्याने काम दुसऱ्याकडून करवून घेतले.

छताखालच्या कापडाविषयी मी इतका हटवादी का आहे, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. भिंतीवरचा पडदा पेटला तर माणूस त्याच्यापासून दूर पळू शकतो. डोक्यावरचे छत पेटले तर पळण्याच्या वाटेवरच जळते तुकडे गळू लागतात. हरियाणातील डबवाली या गावी २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या वार्षिक समारंभासाठी उभारलेल्या मंडपाचे कृत्रिम धाग्याचे छत पेटले, आणि ४०० हून अधिक माणसे, त्यांत शाळेची लहान मुले, त्या छताखाली सापडून मरण पावली. त्या घटनेचा वृत्तांत ज्याने वाचला आहे त्याला समारंभाच्या जागेत शिरल्यावर प्रथम वर पाहण्याची सवय लागते. मला ती लागली आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. ज्या क्षारांचे गुणवर्णन मी वर केले ते सर्व पाण्यात विरघळणारे आहेत. पाण्यातून ते कापडात शिरतात आणि पाण्याच्याच वाटेने निघून जातात. पडदा एकदा नीट धुतला की त्यावरची प्रक्रिया संपली; त्याचा रंग तोच राहतो, पोत तोच राहतो, त्यावर धूळही दिसत नाही, किंबहुना तो पूर्वीपेक्षा अधिक प्रसन्न दिसतो, आणि ज्वालारोधकाचा त्यात लवलेशही उरलेला नसतो. हे मला पुस्तकांतून ठाऊक होते. परंतु त्याचा खरा प्रत्यय आणून दिला तो साताऱ्याकडच्या एका परिटाने. हॉटेलांची धुलाई घेणारा हा गृहस्थ आपल्या कामात अत्यंत चोख. एके दिवशी तो मला सहज म्हणाला, “साहेब, तुम्ही त्या पडद्यांना कसली खळ देता हो? पहिल्या पाण्याला साबण फेसच धरत नाही. चार-चार पाण्यांतून काढावं लागतं, तेव्हा कुठं कापड मोकळं होतं.” तुरटी आणि अमोनियमचे क्षार पाण्यात असता साबणाला फेस येत नाही, हे उघड आहे, आणि हा प्रामाणिक मनुष्य तो दोष मानून, फेस येईपर्यंत, म्हणजे शेवटचा कणही निघून जाईपर्यंत, कापड निष्ठेने खळबळून काढीत होता. हॉटेलातील कोणीही त्याला त्या पडद्यांविषयी एक अक्षर सांगितलेले नव्हते. धुलाईचा हिशेब एका कारकुनाकडे, अग्निसुरक्षेचे दप्तर दुसऱ्याकडे, आणि दोघांची एकमेकांशी गाठ पडण्याचा प्रसंगच नाही.

हे ऐकल्यानंतर मी त्या हॉटेलच्या व्यवस्थापकांची भेट घेतली. त्यांनी तत्परतेने फायल मागवली आणि माझ्याच सहीचा दाखला माझ्यापुढे ठेवला. “अहो, सर्टिफिकेट आहे की! मुदतही संपलेली नाही,” असे ते म्हणाले, आणि त्यात तिळमात्र लबाडी नव्हती. त्यांच्या अनुमतीने पडद्याची एक पट्टी कापून आम्ही ती गच्चीवर नेली व पत्र्याच्या परातीवर धरून तिला काडी लावली. ज्योत पाहता पाहता चिमट्यापर्यंत चढली. व्यवस्थापक काही वेळ परातीतल्या राखेकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी एवढेच विचारले, “असे किती पडदे आहेत आपल्याकडे?” त्यांनी तो प्रश्न विचारला याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आजही आदर आहे, कारण पुष्कळ ठिकाणी मला प्रश्नाऐवजी दाखल्याची तारीख पुन्हा वाचून दाखवण्यात आली.

कायद्याने याविषयी काहीच योजलेले नाही असे नव्हे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. आणि परवानाधारक संस्थेकडून सर्व व्यवस्था सुस्थितीत असल्याचा दाखला दर वर्षी जानेवारी व जुलै अशा दोन महिन्यांत सादर करावयाचा, अशी तरतूद आहे. पडद्यांच्या कापडासाठी भारतीय मानकही आहे. परंतु तपासणीचा शिरस्ता बहुधा अग्निशामक नळकांडी, पाण्याचा दाब, पंप आणि धोक्याची घंटा यांच्याभोवती फिरतो, कारण या वस्तू मोजता येतात आणि त्यांच्यावर क्रमांक असतात. पडद्यातील क्षार डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला क्रमांकही नसतो. शिवाय जुलै हा मुंबईत ओलाव्याचा महिना. अमोनियमचे क्षार हवेतील दमटपणा ओढून घेतात, कापड चिकट लागते, कड्यांना गंज चढतो, गडद मखमलीवर पांढरे डाग उमटतात. आणि मग शोभा बिघडली म्हणून पडदे तातडीने धुलाईला जातात. ज्या महिन्यात दाखला दिला जावयाचा त्याच महिन्यात त्या दाखल्याचा आधार धुऊन निघण्याचा संभव सर्वांत अधिक, हे मी दर पावसाळ्यात पाहत आलो.

दुसरी एक बाब व्यवसायातल्या लोकांना ठाऊक असते, पण ती क्वचितच उघड बोलली जाते. पडदा उतरवून हौदात बुडवणे हे खर्चाचे आणि खोळंब्याचे काम असल्याने टांगलेल्या पडद्यावरच फवारणी करण्याची प्रथा पडली आहे. फवारा समोरच्या अंगावर बसतो; चुण्यांच्या आतली बाजू कोरडी राहते, आणि वरच्या पट्टीत शिवलेल्या बकरमपाशी तर द्राव जेमतेम पोहोचतो. जेवढा बसतो तोही ओघळून खाली येतो, त्यामुळे तळाच्या दुमडीत क्षार भरपूर आणि माथ्याशी अत्यल्प, अशी स्थिती होते. आणि परीक्षेसाठी पट्टी कोठून कापली जाते? तळाच्या दुमडीतून, कारण तेथे हात सहज पोहोचतो आणि कापल्याची खूण दिसत नाही. ती पट्टी उत्तीर्ण होते, आणि तिच्या जोरावर साऱ्या पडद्याला दाखला मिळतो.

एका नमुन्यावरून सर्वांची खातरजमा करण्याचा परिणाम काय होऊ शकतो, याचे उदाहरण अमेरिकेतील बोस्टन शहरात घडले. तेथील कोकोनट ग्रोव्ह या रंजनगृहात ताडाची कृत्रिम झाडे उभी केलेली होती आणि छताला कापड ताणून बसवलेले होते. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री तेथे लागलेल्या आगीत ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. त्या घटनेच्या अवघे ८ दिवस अगोदर अग्निशमन खात्याच्या अधिकाऱ्याने तेथील तपासणी करून, शोभेच्या झाडाला स्वतः काडी लावून पाहिली होती. ते पेटले नाही म्हणून त्याने अनुकूल अहवाल दिला होता. त्या अधिकाऱ्याने कसूर केली असे मी म्हणणार नाही. त्याने काडी तरी लावली. परंतु एका पानाच्या परीक्षेने साऱ्या दालनाची ग्वाही देता येत नाही, हे त्या रात्री सिद्ध झाले.

वाचकांपैकी जे कोणी उपाहारगृह, मंगल कार्यालय, सभागृह, दुकान किंवा कचेरी चालवीत असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. धुलाईची चिठ्ठी आणि प्रक्रियेचा दाखला एकाच फायलीत ठेवा, आणि धुलाईच्या तारखेनंतर प्रक्रियेची तारीख नसेल तर तो दाखला रद्द समजा. आपल्या परिटाला कोणते पडदे प्रक्रिया केलेले आहेत ते सांगा. परीक्षेसाठी कापडाची अर्धा इंच रुंद व चार इंच लांब पट्टी पडद्याच्या माथ्याजवळून, चुणीच्या आतल्या अंगाने कापा. ती मोकळ्या जागी, वारा नसताना, चिमट्याने परातीवर उभी धरा, शेजारी पाण्याची बादली ठेवा, आणि खालच्या टोकाला काडीची ज्योत १२ सेकंद लावा. ज्योत काढून घेतल्यावर पट्टी २ सेकंदांत विझली आणि तिचे जळते थेंब खाली पडून जळत राहिले नाहीत, तर कापड ठीक आहे असे मानण्यास आधार मिळतो. प्रत्येक दालनातील व प्रत्येक जातीच्या कापडाची पट्टी निराळी घ्या. पट्टी जळत राहिली तर दाखल्यावर कोणतीही तारीख असो आणि दुसऱ्या दिवशी कोणताही समारंभ असो, ते कापड त्याच दिवशी उतरवा आणि प्रक्रिया होऊन पुन्हा परीक्षा होईपर्यंत लावू नका.